बारा टक्क्यांच्या वरच्या सोयाबीनचाही हिशेब करा

मा. केंद्रीय कृषी व शेतकरी कल्याण मंत्री
आणि
मा. पणन मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांना सोयाबीन खरेदीबाबत खुलं पत्र

सन्माननीय महोदय,

२०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये ठरला. राज्यात साडेअठरा लाख टनांच्या खरेदीला मंजुरी मिळाली. ३० ऑक्टोबरपासून नोंदणी आणि १५ नोव्हेंबरपासून खरेदी, असं वेळापत्रक जाहीर झालं. कागदावर यात कुठे त्रुटी दिसत नाही. पण लातूर, वाशीम, अकोला, हिंगोलीच्या बाजारांत सोयाबीनची आवक चढायला लागते ती दसऱ्यापासून. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. म्हणजे ज्या दिवसांत शेतकऱ्याला पैसा लागतो आणि ज्या दिवसांत तो माल विकतो, त्या दिवसांत हमीभावाने खरेदी करणाऱ्या सरकारी केंद्राचा काटा बंद होता. पुढे काटा सुरू झाला तेव्हा ज्यांच्याकडे माल उरला होता, त्यांतल्या अनेकांना ओलावा १२ टक्क्यांच्या वर आहे म्हणून पोती परत न्यावी लागली.

मी सोयाबीन पिकवतो. आमच्या भागात या पिकावर घर चालतं, पोरांची फी भरली जाते आणि रब्बीच्या हरभऱ्याचं बियाणं येतं. राज्यात जवळपास ५० लाख हेक्टरवर सोयाबीन असतं, म्हणून हे एका गावाचं रडगाणं म्हणून बाजूला ठेवू नये. या पत्रात अनुदान मागितलेलं नाही. हमीभाव सरकारनेच ठरवला आहे. तो शेतकऱ्याच्या हातात का पडत नाही आणि पडावा यासाठी काय बदलायला हवं, एवढंच इथे लिहिलं आहे.

सगळ्यात आधी ओलावा, कारण बाकीच्या बऱ्याच अडचणी त्यातूनच निघतात.

आपल्याकडे सोयाबीन जूनच्या अखेरीस पेरलं जातं आणि साधारण शंभर दिवसांत काढणीला येतं. म्हणजे काढणी सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, नेमकी परतीच्या पावसात. शेंग वाळली तरी थांबता येत नाही. उशीर झाला की शेंगा तडकतात आणि दाणा जमिनीवर पडतो. कापून गंजी लावली आणि वरून पाऊस झाला, तर आतला माल तापतो, दाणा काळा पडतो. त्यामुळे ऊन मिळेल तशी मळणी उरकावी लागते, आणि मळणीतून निघालेल्या दाण्यात १५ ते १८ टक्के ओलावा असणं अगदी नेहमीचं आहे. यात शेतकऱ्याचा निष्काळजीपणा नाही, ते या हंगामाचं हवामान आहे.

तो दाणा १२ टक्क्यांवर आणायचा तर ताडपत्रीवर दोन-तीन इंचांचा थर पसरावा लागतो, दिवसातून तीन-चार वेळा उलटावा लागतो आणि संध्याकाळी झाकावा लागतो. असं दोन ते तीन दिवस कडक ऊन मिळालं तर ओलावा उतरतो. ढगाळ हवेत आठवडा जातो. एक रात्र उघडं राहिलं तर दवाने निम्मी मेहनत वाया जाते. २० क्विंटल माल पसरायला लागेल एवढी कोरडी, पक्की जागा किती शेतकऱ्यांकडे आहे? बहुतेकांकडे नाही, म्हणून गावोगाव सोयाबीन डांबरी रस्त्यावर वाळताना दिसतं. उलट फार वाळवलं तरी अडचण येते. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ असतं. ओलावा दहाच्या खाली गेला की हाताळणीत दाणा फुटतो, त्याची डाळ होते, आणि मग फुटक्या दाण्याच्या निकषावर माल अडतो.

आता हिशेब. १०० किलो सोयाबीनमध्ये १५ टक्के ओलावा असेल तर कोरडा माल ८५ किलो भरतो. तोच माल १२ टक्क्यांवर आणला तर वजन ९६.६ किलो होतं. घट ३.४ किलोची. म्हणजे ५३२८ च्या हमीभावाने १५ टक्के ओलाव्याच्या क्विंटलची न्याय्य किंमत ५१४६ रुपये येते. १४ टक्क्यांना ५२०७, १६ टक्क्यांना ५०८६, आणि १८ टक्क्यांना ४९६५. हे त्रैराशिक सातवीचा मुलगाही करील. खरेदी केंद्र मात्र ते करत नाही. यंत्रावर १२.५ आकडा आला तरी केंद्रासाठी त्या मालाची किंमत शून्य, आणि पोती पुन्हा ट्रॉलीत.

परत गेलेला माल बाजार समितीत जातो. तिथे क्विंटलला ४३०० रुपये मिळाले असं धरू. २० क्विंटलचे ८६ हजार झाले. हाच १५ टक्के ओलाव्याचा माल वजनातली घट कापून हमीभावाने घेतला असता, तर १ लाख २ हजार ९०० रुपये झाले असते. एका शेतकऱ्याचा सुमारे १७ हजारांचा फरक तीन टक्के पाण्यामुळे पडला, आणि त्या पाण्याची पूर्ण किंमत कापूनही पडला.

ओलावा जास्त असला तर साठवणुकीत बुरशी लागते, मालाला उष्णता येते, हे आम्हालाही माहीत आहे. म्हणून १८-२० टक्क्यांचा माल जसाच्या तसा गोदामात भरा, असं कुणी म्हणत नाही. पण याला उत्तर सरकारच्याच दुसऱ्या खरेदीत आहे. कापसाची हमीभाव खरेदी भारतीय कापूस महामंडळ करतं. तिथे पूर्ण हमीभावासाठी ओलाव्याची मर्यादा ८ टक्के आहे. त्याच्या वर १२ टक्क्यांपर्यंत कापूस घेतला जातो आणि वाढलेल्या ओलाव्याच्या प्रमाणात भाव कापला जातो. एकाच जिल्ह्यातला, एकाच सातबाऱ्यावरचा कापूस प्रमाणशीर कपातीने घेतला जातो आणि सोयाबीन परत पाठवलं जातं. यामागचं कारण आम्हाला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

गव्हाचंही उदाहरण आहे. एप्रिल २०२३ मध्ये अवकाळी पावसाने पंजाब-हरियाणातला गहू निस्तेज झाला, तेव्हा केंद्र सरकारने काही दिवसांत निकष शिथिल केले. चमक गेलेला दाणा १० टक्क्यांपर्यंत असेल तर कपात नाही, आणि १० ते ८० टक्क्यांपर्यंत असेल तर क्विंटलला फक्त ५.३१ रुपये कपात, असं ठरलं. निर्णय योग्य होता. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने आणि पुराने उभं सोयाबीन पाण्यात राहिलं. जे हाती आलं त्यातला बराच दाणा डागी आणि काळपट आहे. गव्हाला जी वागणूक मिळाली ती या सोयाबीनला मिळायला हवी.

सवलत दिलीच नाही असं नाही, हेही नोंदवतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या ऐन तोंडावर केंद्र सरकारने १५ टक्क्यांपर्यंत ओलाव्याचं सोयाबीन घ्यायला परवानगी दिली. पण ती आली नोव्हेंबरच्या मध्याला, एका हंगामापुरती, आणि जादा ओलाव्यामुळे होणारा खर्च व तोटा राज्याने सोसावा या अटीवर. तोवर गरजू शेतकऱ्याचा माल विकून झाला होता. आणि तोट्याचा प्रश्न राज्याच्या गळ्यात असल्यावर खरेदी केंद्र चालवणारा कशाला जोखीम घेईल? त्याला भीती असते गोदामाची. त्याने १४ टक्क्यांचा माल घेतला आणि वखारीच्या दारात तपासणी करणाऱ्याने ट्रक परत पाठवला, तर भाडं आणि हमाली त्याच्या अंगावर पडते. म्हणून तो दारातच ‘बाराच्या आत असेल तर उतरवा’ म्हणतो.

त्याच निवडणुकीच्या प्रचारात सोयाबीनला ६००० रुपये भाव देण्याचं आश्वासन दिलं गेलं होतं. ते कुणी विसरलेलं नाही. पण आज आम्ही ६००० सुद्धा मागत नाही, ५३२८ चा रस्ता मोकळा करा असं म्हणतो.

ओलावा मोजणाऱ्या यंत्राबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण रोजची भांडणं याच ठिकाणी होतात. केंद्रांवर सहसा हातात मावणारी किंवा टेबलावरची विजेरी यंत्रं असतात. ती दाण्याच्या विद्युत गुणधर्मावरून ओलाव्याचा अंदाज देतात, प्रत्यक्ष पाणी मोजत नाहीत. उन्हातून आत्ताच आणलेला गरम दाणा आणि सावलीत थंड झालेला तोच दाणा, यांचे आकडे वेगळे येऊ शकतात. नमुन्यात धूळ किंवा फुटके दाणे जास्त असले, कप काठोकाठ भरला नाही, बॅटरी उतरली किंवा यंत्रात दुसऱ्या पिकाचा कोड राहिला, तरी आकडा हलतो. एक टक्क्याचा फरक सहज पडतो, आणि इथे अर्ध्या टक्क्यावर माल नाकारला जातो. यंत्र बरोबर आहे की नाही हे पाहायचं तर नमुना भट्टीत वाळवून आधीच्या आणि नंतरच्या वजनाचा फरक काढावा लागतो. हंगामाआधी ही पडताळणी झाल्याचा, शेतकऱ्याला वाचता येईल असा दाखला केंद्राच्या भिंतीवर लावलेला नसतो.

नमुना घेण्याची पद्धतही माणसागणिक बदलते. वरच्या एका पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढले, तर येणारा आकडा त्या पोत्याचा असतो. रात्रभर रांगेत उभ्या राहिलेल्या ट्रॉलीच्या वरच्या पोत्यांना दव लागलेलं असतं, आतली पोती कोरडी असतात. नळी खुपसून वर, मध्ये आणि खाली अशा किमान दहा पोत्यांतून दाणे काढावेत, ते एकत्र कालवावेत, तीन वेळा मोजावेत आणि सरासरी धरावी, हीच रीत योग्य आहे. त्याला पाच मिनिटं लागतात. आकडा आणि वेळ लिहिलेली पावती द्यायला आणखी एक मिनिट. आज माल नाकारला की शेतकऱ्याच्या हातात कागदाचा तुकडाही राहत नाही. त्यामुळे किती माल, कोणत्या आकड्यावर परत गेला, याची नोंद तुमच्या कार्यालयापर्यंत पोचतच नाही. तुमच्या अहवालात फक्त खरेदी झालेला माल दिसतो.

बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं, थोडक्यात. २०२४-२५ च्या हंगामात पोती संपली म्हणून अनेक केंद्रांवर खरेदी दिवसेंदिवस थांबली. साडेअठरा लाख टन माल ५० किलोच्या पोत्यांत भरायचा तर ३ कोटी ७० लाख पोती लागतात. हा आकडा मंजुरीच्या दिवशीच काढता येतो, मग पोत्यांची मागणी खरेदी सुरू झाल्यावर का नोंदवायची? वजनाचंही पाहा. ५० किलोच्या नव्या तागाच्या पोत्याचं वजन ५८० ग्रॅम धरलेलं आहे, म्हणजे भरलेलं पोतं काट्यावर ५० किलो ५८० ग्रॅम भरायला हवं. जिथे सरसकट ५१ किलो भरून घेतात तिथे पोत्यामागे ४२० ग्रॅम जास्त जातात. २० क्विंटलची ४० पोती, म्हणजे जवळपास १७ किलो सोयाबीन आणि सुमारे ९०० रुपये. चाळणी, हमाली आणि तोलाई यांचे दर फलकावर नसले की त्यात आणखी भर पडते.

नोंदणीसाठी आधार, बँक पासबुक आणि चालू हंगामाची पीक नोंद असलेला सातबारा लागतो. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून होणाऱ्या पिकाच्या नोंदीत, चूक झाली किंवा ती राहिली, तर पीक उभं असूनही शेतकरी यादीत येत नाही. बटईने किंवा ठोक्याने शेती करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतंच, त्यामुळे पिकवणारा बाहेर आणि मालक आत. हेक्टरी किती माल घ्यायचा हे जिल्ह्याच्या सरासरी उत्पादकतेवर ठरतं. ज्याने चांगलं पीक काढलं त्याचा सरासरीच्या वरचा माल बाजारात स्वस्तात जातो. मेहनतीला असा दंड बसू नये.

ऑक्टोबरमध्ये कमी भावात गोळा केलेला माल पुढे शेतकऱ्यांच्या नावावर केंद्रात येतो, हे गावोगाव माहीत आहे आणि आम्हालाही ते थांबायला हवं आहे. त्यासाठी अंगठ्याची पडताळणी आणली. पण हात राबून झिजलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा ठसा यंत्र घेत नाही, तेव्हा दुसरा मार्ग तिथेच उपलब्ध हवा. आणि मूळ दुखणं अंगठ्याने जाणार नाही. ज्याने दिवाळीआधी माल विकून टाकला, त्याच्याकडे नोव्हेंबरमध्ये फक्त सातबारा उरतो. केंद्र वेळेवर उघडलं तर तो स्वतःचा माल स्वतःच घेऊन येईल.

पैशांचंही तसंच आहे. माल काट्यावर मोजला की शेतकऱ्याच्या दृष्टीने विक्री झाली. तुमच्या पद्धतीत मात्र माल वखारीत पोचून पावती तयार झाल्यावर देयकाची पुढची वाटचाल सुरू होते. वखारीत जागा नसेल, ट्रक रांगेत अडकला असेल, तर तेवढे दिवस शेतकऱ्याचे पैसे अडकतात. नोव्हेंबर हा हरभरा पेरणीचा महिना आहे. तेव्हा बियाणं आणि खत उधारीवर घेतलं की व्याज लागतं. ‘केंद्रावर दिलं की पैसे कधी येतील सांगता येत नाही’ असं म्हणून शेतकरी व्यापाऱ्याकडे वळतो, कारण तो कमी देतो पण लगेच देतो.

आता थोडं धोरणाबद्दल. भाव पडण्याची मुळं खरेदी केंद्राच्या बाहेरही आहेत. २८ मे २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने सोयाबीनच्या हमीभावात ४३६ रुपयांची वाढ मंजूर केली. त्यासाठी उत्पादन खर्च क्विंटलला ३५५२ रुपये धरला आणि त्याच्या दीडपट भाव दिला. आणि दोनच दिवसांनी, ३० मे ला, कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं. अधिभारासह प्रत्यक्ष शुल्क २७.५ वरून १६.५ टक्के झालं. पेरणी तोंडावर असताना एका हाताने भाव वाढवला आणि दुसऱ्या हाताने त्याचा आधार काढला. ग्राहकाला तेल स्वस्त मिळावं, ही गरज खरी आहे. पण तिची किंमत देशात तेलबिया पिकवणाऱ्याकडूनच का वसूल करायची?

शिवाय सोयाबीन हे तेलापेक्षा पेंडीचं पीक आहे. १०० किलो दाण्यातून साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड. म्हणून गिरणीवाला दाण्याला काय भाव देईल हे पेंडीच्या दरावर फार अवलंबून असतं. गेल्या काही वर्षांत मका आणि तांदळापासून इथेनॉल बनवण्याला चालना मिळाली. त्यातून उरणारा चोथा कुक्कुटपालनाच्या खाद्यात स्वस्तात मिळू लागला आणि सोयापेंडीची मागणी दबली. इथेनॉलचं धोरण आखताना हा परिणाम मोजला गेला होता का, हा आमचा साधा प्रश्न आहे.

अशा बाजारात सरकारी खरेदीचं महत्त्व वाढतं. हमीभाव खरेदीच्या योजनेप्रमाणे राज्याच्या उत्पादनाच्या २५ टक्क्यांपर्यंतच माल घेतला जातो, चारपैकी उरलेल्या तीन हिश्श्यांचं नशीब खुल्या बाजारात ठरतं. म्हणजे सरकारी काट्याचं खरं काम आवक वाढत असताना बाजाराला टेकू देण्याचं आहे. व्यापाऱ्याला दिसलं पाहिजे की शेजारच्या केंद्रावर ५०००-५२०० मिळतायत, मग तोही बोली वाढवतो. आवक ओसरल्यावर सुरू झालेली खरेदी हे काम करू शकत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

ओलाव्याचा निकष कापसासारखा टप्प्यांचा करा. १२ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, आणि १२ ते १६ टक्क्यांपर्यंत वजनातली घट कापून प्रमाणशीर भाव. हा नियम कायमचा करा, दरवर्षी निवडणूक किंवा आंदोलन पाहून काढलेला आदेश नको. वाळवणीचा खर्च केंद्र आणि राज्याने आपसात वाटून घ्यावा आणि त्याचा निर्णय जूनमध्येच व्हावा. तालुक्याच्या मुख्य केंद्रावर धान्य वाळवण्याचं एक यंत्र बसवा. बाजार समित्यांकडे जागा आहे, वीज आहे आणि यंत्र वर्षभर वापरात राहील अशी मका, तूर, हरभरा ही पिकंही आहेत. अतिवृष्टी जाहीर झालेल्या तालुक्यांत डागी दाण्याचा निकष गव्हाच्या धर्तीवर शिथिल करा.

नोंदणी १ सप्टेंबरला आणि खरेदी १ ऑक्टोबरला सुरू करा. पोती त्याआधी केंद्रावर पोचलेली असू द्या.

ओलावा यंत्रांची हंगामाआधी भट्टी-पद्धतीने पडताळणी करून दाखला भिंतीवर लावा. नमुना घेण्याची रीत मराठीत लिहून ठळक लावा. माल नाकारला तर कारण आणि आकडा लिहिलेली पावती द्या, आणि वाद झाल्यास तिथेच दुसऱ्या यंत्रावर फेरमोजणी करा. नाकारलेल्या मालाचे केंद्रनिहाय आकडे दर आठवड्याला जाहीर करा.

गुणवत्तेची अंतिम तपासणी केंद्रावरच होऊ द्या. एकदा काट्यावर घेतलेला माल वखारीतून शेतकऱ्याच्या माथी परत मारला जाऊ नये. देयकाची मुदत वजनाच्या दिवसापासून मोजा, आणि सात दिवसांच्या पुढे गेली तर व्याज द्या.

बटईदाराची नोंदणी मालकाच्या संमतीपत्रावर करा. हेक्टरी मर्यादा सरासरीवर न ठेवता ई-पीक पाहणीतलं क्षेत्र आणि पीक कापणी प्रयोगात महसूल मंडळात निघालेलं चांगलं उत्पादन धरून ठरवा.

पणन मंडळाची शेतमाल तारण योजना कागदावर चांगली आहे. माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याज, सहा महिन्यांची मुदत. सोयाबीन पट्ट्यातल्या प्रत्येक बाजार समितीने ती सप्टेंबरअखेर सुरू करणं बंधनकारक करा. दिवाळीचा आणि पेरणीचा पैसा त्यातून मिळाला तर माल दोन महिने थांबू शकतो.

आणि तेलाचं आयात शुल्क ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांत कमी करायचं नाही, असं लेखी धोरण केंद्राने जाहीर करावं.

या मागण्यांपैकी कोणत्या मान्य, कोणत्या अमान्य आणि अमान्य असतील तर का, याचं लेखी उत्तर पुढच्या खरिपाच्या पेरणीआधी द्यावं. सोयाबीन पेरायचं की नाही, हे आम्हाला तेव्हाच ठरवायचं असतं.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक शेतकरी